आराखड्यातच असलेला धोका : फ्रान्स टेलिकॉम प्रकरणाचा अभ्यास

परांचीवरून कामगार पडला की निरीक्षक आधी परांची पाहतो. कठडा होता का, पट्टा दिला होता का, फळ्या नीट बांधल्या होत्या का, हे तो विचारतो. पडलेल्या माणसाचा तोल मुळातच कच्चा होता का, या प्रश्नापाशी तो फार उशिरा पोहोचतो आणि बहुधा पोहोचतच नाही. कामामुळे माणसाचे मन खचले तर मात्र चौकशी नेमकी दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. घरी काही अडचण होती का, स्वभाव हळवा होता का, पूर्वी कधी उपचार घेतले होते का, हे आधी विचारले जाते. काम कसे आखले होते हा प्रश्न, वेळ उरलाच तर, शेवटी येतो. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांनंतर फ्रान्स टेलिकॉम या फ्रेंच दूरध्वनी कंपनीविरुद्ध झालेल्या खटल्याचे महत्त्व असे की त्यात, पंधरा वर्षे लागली तरी, चौकशीचा हा क्रम उलटवला गेला.

हे प्रकरण सहसा मानसिक छळाच्या फौजदारी गुन्ह्याचे म्हणून सांगितले जाते, आणि शिक्षा त्याच कलमाखाली झाली हे खरेच आहे. परंतु त्यातील पुरावा कोठून आला हे पाहिले, तर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्याची भूमिका वाटते त्याहून मोठी दिसते. या कायद्याने माणसांना वाचवले नाही. त्याने नोंदी मात्र मागे ठेवल्या. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्याशिवाय हे प्रकरण नीट समजत नाही.

कंपनी आणि तिची अडचण

फ्रान्सच्या जुन्या टपाल-दूरसंचार प्रशासनातून वेगळी झालेली ही कंपनी १९९७ मध्ये शेअर बाजारात आली आणि २००४ मध्ये तिच्यातील सरकारचा हिस्सा निम्म्याहून खाली गेला. मालकी अशी बदलली तरी कर्मचारी बदलले नव्हते. त्यांच्यातील बहुसंख्य अजूनही सरकारी सेवकाच्या दर्जाचे होते आणि खाजगी कंपनीतल्याप्रमाणे आर्थिक कारण दाखवून त्यांना कामावरून कमी करता येत नव्हते. दुसरीकडे तारेवरच्या दूरध्वनीचा काळ सरत होता, मोबाइल व इंटरनेटच्या क्षेत्रात स्पर्धा तीव्र होती, आणि शतकाच्या सुरुवातीच्या खरेदीसत्रातून कंपनीवर २००२ च्या सुमारास सुमारे ७० अब्ज युरोंचे कर्ज साचले होते. ज्यांना काढता येत नाही अशी माणसे कमी कशी करायची, हा व्यवस्थापनापुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर ‘नेक्स्ट’ या २००६ ते २००८ च्या योजनेत आणि तिच्या मनुष्यबळविषयक भागात, म्हणजे ‘ॲक्ट’ मध्ये, देण्यात आले. सुमारे १ लाख २० हजार कर्मचाऱ्यांपैकी २२,००० जणांनी तीन वर्षांत कंपनी सोडावी, १०,००० जणांनी कामाचे स्वरूप किंवा ठिकाण बदलावे आणि ६,००० नव्या माणसांची भरती व्हावी, असे ठरले. कंपनी सोडणे स्वेच्छेचे असेल, असे सांगितले गेले. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढे बचाव पक्षाने तिच्यावरच भर दिला. कर्मचारी कमी करण्याचा निर्णय हा स्वतः गुन्हा नाही, आणि न्यायालयांनीही तो कधी गुन्हा मानला नाही. अडचण ‘२२,०००’ आणि ‘स्वेच्छा’ हे दोन शब्द एकाच वाक्यात आल्याने निर्माण झाली. आकडा आधी ठरला आणि तो गाठणे बंधनकारक झाले की स्वेच्छा उरते ती कागदापुरती.

२० ऑक्टोबर २००६ रोजी पॅरिसमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत मुख्याधिकारी दिदिए लोंबार यांनी हे आकडे आपण या ना त्या मार्गाने पूर्ण करणारच, ‘खिडकीतून म्हणा किंवा दारातून’, असे सांगितले. हे वाक्य पुढे जगभर गाजले. माझ्या मते त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व मिळाले आहे, कारण तापलेल्या भाषणातील एका उद्गारावर खटला उभा राहत नसतो. त्या बैठकीनंतर जी यंत्रणा कामाला लागली, ती अधिक बोलकी आहे.

अधिकाऱ्यांच्या वेतनातील कामगिरीशी जोडलेल्या भागात, आपल्या विभागातून किती माणसे गेली हा एक निकष आला. त्यामुळे वरच्या मजल्यावर ठरलेला आकडा एकेका टप्प्याने खाली झिरपत गेला आणि शेवटी एखाद्या गावातील तंत्रज्ञांच्या तुकडीप्रमुखाच्या टेबलावर ‘तुमच्याकडून तीन’ अशा स्वरूपात येऊन पडू लागला. त्या तुकडीप्रमुखाजवळ कोणालाही काढून टाकण्याचा अधिकार नव्हता; नकोसे करण्याचे मार्ग मात्र पुष्कळ होते. वर्षानुवर्षे खांबांवर आणि केंद्रांमध्ये काम केलेल्या तंत्रज्ञांना ग्राहकांशी बोलण्याच्या वा विक्रीच्या कामावर बसवले गेले. पदे रद्द झाली, कार्यालये बंद झाली, बदल्या लांबच्या गावी झाल्या. बाहेरच्या जागांच्या जाहिराती आणि नोकरी सोडण्याची सूचना ई-मेलने वारंवार येत राहिली. काहींवर कामाचा ढीग पडला, तर काहींना काहीच काम दिले गेले नाही. काहीच काम नसणे हा कामाच्या ताणाचा प्रकार आहे हे बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. परंतु ज्याने दिवसाचे आठ तास रिकाम्या टेबलापाशी, सहकाऱ्यांच्या नजरा चुकवत काढले आहेत, त्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातील एका तक्त्याचा येथे स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर मन ज्या अवस्थांतून जाते असे मानले जाते, त्या नकार, संताप, खिन्नता आणि स्वीकार अशा पायऱ्यांचा आलेख त्यांना शिकवला गेला. कर्मचारीही आपले जुने काम गमावताना याच वळणांनी जातील, असे त्यातून सांगायचे होते. म्हणजे कर्मचारी खिन्नतेच्या अवस्थेत जातील हे कंपनीने गृहीत धरले होते आणि ते चित्र काढून अधिकाऱ्यांना दाखवलेही होते. कोणताही सुरक्षा अधिकारी ज्याला धोक्याचे पूर्वमूल्यमापन म्हणेल ते येथे झालेलेच होते. ते भलत्याच कागदावर, आणि धोका टाळण्यासाठी नव्हे तर त्यातून पार नेण्यासाठी झाले होते, इतकेच.

कायदा आधीपासून काय सांगत होता

या काळात फ्रान्समध्ये कायद्याची उणीव होती असे मुळीच नाही. युरोपीय समुदायाच्या १९८९ च्या मूलभूत निर्देशाने मालकावर सर्वसाधारण कर्तव्य घातले होते : धोका शक्य तेथे टाळावा, टाळता येत नसेल तर त्याचे मूल्यमापन करावे, त्याच्या उगमापाशीच त्याला रोखावे आणि काम माणसाला जुळवून घ्यावे. नोव्हेंबर २००१ च्या फ्रेंच आदेशानुसार धोक्यांचे हे मूल्यमापन लेखी करणे बंधनकारक झाले. ते दरवर्षी अद्ययावत करायचे होतेच, शिवाय कामाच्या परिस्थितीवर परिणाम करणारा कोणताही महत्त्वाचा निर्णय घेताना पुन्हा करायचे होते. १७ जानेवारी २००२ च्या कायद्याने मालकाच्या संरक्षणकर्तव्यात कामगाराच्या शारीरिक आरोग्याबरोबर मानसिक आरोग्याचा स्पष्ट उल्लेख घातला, आणि त्याच कायद्याने कामावरील मानसिक छळ हा दंडसंहितेतील गुन्हा ठरवला. एकाच दिवशी, एकाच कायद्यातून, एक प्रतिबंधाचे आणि एक शिक्षेचे अशी दोन हत्यारे मिळाली होती.

त्यांच्या जोडीला माणसेही होती. प्रत्येक मोठ्या आस्थापनेत आरोग्य, सुरक्षा व कामाच्या परिस्थितीची समिती असे. तिच्यात कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी बसत आणि गंभीर धोका दिसल्यास किंवा मोठा बदल होणार असल्यास कंपनीच्या खर्चाने बाहेरचा तज्ज्ञ नेमण्याचा अधिकार तिला होता. कामगारांचे आरोग्य पाहणारे डॉक्टर होते आणि कामगार निरीक्षक होते. मार्च २००८ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या सामाजिक, म्हणजे कामगारविषयक खटले पाहणाऱ्या, विभागाने, विमानांची इंजिने बनवणाऱ्या स्नेक्मा कंपनीच्या प्रकरणात, कामगारांच्या आरोग्याला बाधक ठरणारी पुनर्रचना न्यायाधीश थांबवू शकतो असा निर्णय दिला. व्यवस्थापनाच्या अधिकाराला आरोग्याची मर्यादा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग २००६ ची योजना मूल्यमापनाच्या त्या चाळणीतून का गेली नाही? माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण सवयीत आहे. सुरक्षेची नोंदवही जिन्याखाली, यंत्राजवळ, रसायनांच्या खोलीत लिहिली जाते. संचालकांच्या बैठकीत ती नेण्याची रीत नव्हती. शिडी बदलली तर नोंद व्हायची, पण एक लाख माणसांच्या कामाची रचना बदलली तर तो ‘धोरणात्मक निर्णय’ ठरायचा. कायद्याच्या शब्दांत असा भेद नव्हता, व्यवहारात होता.

इशारे

सुद आणि सेएफई-सेजेसे या दोन कामगार संघटनांनी २००७ मध्ये मिळून कंपनीतील ताण व सक्तीच्या बदल्यांवर लक्ष ठेवणारे एक निरीक्षण केंद्र स्थापन केले. राजकीय विचारसरणीने या संघटना एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत. एक बंडखोर डाव्या वळणाची, दुसरी अधिकारी वर्गाची. त्या एकत्र आल्या हीच बाब परिस्थिती किती पसरली होती हे सांगते. सुरक्षा समित्यांनी तज्ज्ञांच्या तपासणीची मागणी केली, तेव्हा व्यवस्थापनाने अनेकदा तिला विरोध केला. डॉक्टरांनी लिहून कळवले. निरीक्षकांची पत्रे ठिकठिकाणांहून गेली. यांपैकी प्रत्येक कागद एका कार्यालयाबद्दल, एका तुकडीबद्दल होता आणि त्याला उत्तरही, दिलेच तर, तेवढ्यापुरतेच मिळत होते.

जुलै २००९ मध्ये मार्सेय येथील एका तंत्रज्ञाने जीवन संपवले. आपल्या मृत्यूचे कारण कंपनीतील काम हेच आहे, दुसरे काही नाही, असे त्याने लिहून ठेवले होते. सप्टेंबरमध्ये लोंबार यांनी कंपनीतील अशा मृत्यूंच्या संदर्भात आत्महत्येची ‘फॅशन’ असा शब्द वापरला आणि त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या प्रश्नावलीला सुमारे ८०,००० उत्तरे आली. कामाच्या ताणाविषयीच्या प्रश्नावलीला इतकी उत्तरे येणे, हेच एक उत्तर होते.

डिसेंबर २००९ मध्ये सुद संघटनेने फौजदारी तक्रार दाखल केली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये कामगार निरीक्षक सिल्वी काताला यांनी आपला अहवाल सरकारी वकिलांकडे पाठवला. खटल्याचा पाया या अहवालाने घातला, असे मला वाटते. एकेका कार्यालयातील सुटे कागद त्यांनी एकत्र वाचले आणि त्यांत एकच नमुना पाहिला. हा वाईट वागणाऱ्या साहेबांचा प्रश्न नसून काम आखण्याच्या पद्धतीचा आहे, आणि कंपनीला वारंवार सावध करूनही तिने धोक्याचे मूल्यमापन केले नाही, हे त्यांनी मांडले. हे मांडता आले, कारण सावध केल्याचे पुरावे तारखांसह उपलब्ध होते. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिणाऱ्या प्रतिनिधीला त्या दिवशी आपण कदाचित व्यर्थ लिहीत आहोत असे वाटले असेल. परंतु ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव पुढे त्याच इतिवृत्तांनी अशक्य केला.

आकड्यांचा वाद

खटल्याच्या आधी आणि दरम्यान एक मुद्दा सतत पुढे केला गेला, आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत, त्या वयोगटातील सर्वसाधारण प्रमाण लक्षात घेता, आत्महत्यांची संख्या खरोखरच असाधारण होती का? २००९ च्या शरद ऋतूतच एका संख्याशास्त्रज्ञाने तसे म्हणता येत नाही, असे जाहीरपणे मांडले. संघटनांचे आकडे आणि कंपनीचे आकडे जुळत नव्हते, आणि कोणता मृत्यू कामाशी संबंधित मानायचा यावर एकमत होणे शक्यही नव्हते.

हा प्रश्न मनुष्यवधाच्या आरोपाने सोडवायला गेले असते तर खटला तेथेच रुतला असता. एका माणसाच्या मृत्यूमागे कामाची रचना हे निश्चित कारण होते, हे फौजदारी खटल्याला लागणाऱ्या खात्रीने सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. मानसिक छळाच्या कलमाची शब्दरचना मात्र वेगळी आहे. वारंवार केलेल्या कृतींमुळे कामाची परिस्थिती खालावली पाहिजे, आणि ती खालावणे असे असले पाहिजे की त्यातून शारीरिक वा मानसिक आरोग्य बिघडू शकते. ते प्रत्यक्ष बिघडलेच पाहिजे अशी अट नाही. तपास न्यायाधीशांनी १९ आत्महत्या, १२ आत्महत्येचे प्रयत्न आणि खिन्नतेची वा दीर्घ आजाराची ८ प्रकरणे अशी ३९ माणसांची प्रकरणे समोर ठेवली. ती सर्व मिळून दाखवत होती ती परिस्थिती. विचाराची ही पद्धत थेट सुरक्षा कायद्यातून आलेली आहे. कठडा नसलेली परांची धोकादायक असते ती कोणी पडल्यामुळे नव्हे.

कंपनीत दर लाखामागे किती जणांनी जीव दिला, हा प्रश्न साथरोगशास्त्राचा आहे. तो गैरलागू नाही, पण जबाबदारी ठरवण्याचा तो मार्ग नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही बाजूंनी केली. मृत्यूंची संख्या मोठी दाखवण्यावर चळवळीने जितका भर दिला, तितका तिचा मूळ मुद्दा कमकुवत झाला.

निकाल

खटला ६ मे २०१९ रोजी पॅरिसमध्ये सुरू झाला आणि जुलैपर्यंत चालला. २० डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने कंपनीला ७५,००० युरो दंड केला. तोवर तिचे नाव ऑरेंज झाले होते. लोंबार, त्यांचे उपप्रमुख लुई-पिएर वेनेस आणि मनुष्यबळप्रमुख ऑलिव्हिए बार्बेरो यांना प्रत्येकी एक वर्षाचा तुरुंगवास, त्यातील आठ महिने स्थगित, आणि १५,००० युरो दंड झाला. आणखी चार अधिकारी साहाय्याबद्दल दोषी ठरले. न्यायालयाने दोष २००७ आणि २००८ या वर्षांपुरता मानला. त्यानंतरच्या काळाच्या आरोपातून मुक्तता केली.

७५,००० युरो हा आकडा वाचून अनेकांनी कपाळाला हात लावला. तो कायद्याने त्या वेळी शक्य असलेला सर्वाधिक दंड होता : व्यक्तीसाठी १५,०००, आणि संस्थेसाठी त्याच्या पाचपट. गुन्ह्याचे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक साहेब आणि एक कर्मचारी होता, लाखभर कर्मचाऱ्यांची कंपनी नव्हती. २०१२ मध्ये व्यक्तीसाठीची शिक्षा दोन वर्षे आणि ३०,००० युरोंपर्यंत वाढवली गेली, पण ती मागील कृत्यांना लागू करता येत नव्हती. नुकसानभरपाईचा एकूण आकडा दंडापेक्षा कितीतरी मोठा, ३० लाख युरोंच्या वर गेला.

कंपनीने अपील केले नाही. बार्बेरो यांनी केलेले अपील मागे घेतले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी अपील न्यायालयाने लोंबार व वेनेस यांचा दोष कायम ठेवला, तुरुंगवास मात्र पूर्णपणे स्थगित केला, आणि साहाय्याच्या आरोपातील दोघांना सोडून दिले. मृतांच्या आप्तांपैकी अनेकांना हे सौम्य वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे.

२१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेली अपिले फेटाळली. आरोपींचा मुख्य युक्तिवाद दुहेरी होता. छळ म्हटला की छळणारा आणि छळला जाणारा यांच्यात प्रत्यक्ष संबंध हवा, आणि आम्ही त्या माणसांना ओळखतही नव्हतो. शिवाय धोरणालाच छळ म्हणता येईल हे २००७ मध्ये कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. न्यायालयाने दोन्ही मुद्दे अमान्य केले. कायद्यात ‘दुसरी व्यक्ती’ एवढेच म्हटले आहे, ती ओळखीची असावी असे म्हटलेले नाही. आणि व्यवस्थापनाच्या अधिकाराच्या मर्यादा ओलांडून, कर्मचाऱ्यांच्या समूहाची कामाची परिस्थिती जाणूनबुजून खालावणारे धोरण आखणे व राबवणे हे त्या कलमात बसते. याला ‘संस्थात्मक मानसिक छळ’ असे नाव मिळाले. ज्याला कोणी कधी पाहिले नाही असा माणूस छळ करू शकतो, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण ज्याने कधी कारखान्यात पाऊल टाकलेले नाही असा मालक कठडा नसलेल्या परांचीसाठी जबाबदार धरला जातो, यात आपल्याला काहीच चमत्कारिक वाटत नाही.

या निकालाची व्याप्ती फुगवून सांगू नये. येथे आरोपी जाणीवपूर्वक वागले असे सिद्ध झाले होते. निष्काळजीपणे, घाईत किंवा केवळ अज्ञानाने केलेली पुनर्रचना माणसांना तितकीच मोडू शकते आणि तरीही या कलमाखाली येणार नाही. ती जागा प्रतिबंधक कायद्याचीच राहते, आणि तेथे पुन्हा प्रश्न तोच : मूल्यमापन केले का, कोणी वाचले, आणि वाचून काही थांबवले का?

या प्रश्नाच्या उत्तरात फ्रान्सने मधल्या काळात दोन विरुद्ध दिशांची पावले टाकली. २०१७ च्या अध्यादेशांनी आरोग्य, सुरक्षा व कामाच्या परिस्थितीच्या त्या समित्या स्वतंत्र संस्था म्हणून संपवल्या आणि त्यांचे काम कर्मचाऱ्यांच्या एका सर्वसमावेशक समितीकडे दिले. सुरक्षेसाठी वेगळा आयोग नेमण्याची सक्ती सर्वसाधारणपणे ३०० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणीच राहिली. ज्यांच्या इतिवृत्तांवर खटला उभा राहिला, त्या समित्या अंतिम निकालाच्या वेळी अस्तित्वात नव्हत्या. दुसरीकडे, २ ऑगस्ट २०२१ च्या कायद्याने धोक्यांच्या लेखी मूल्यमापनाची प्रत्येक जुनी आवृत्ती किमान ४० वर्षे जपून ठेवणे मालकावर बंधनकारक केले. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यालाही आपल्या काळातील आवृत्ती मागून पाहता येते.